बैठकीवरची बंदी : भांग, गांजा आणि विद्यापीठाचे आवार



घोडबंदर रस्त्याने काशीमिऱ्याहून ठाण्याकडे निघाले, की एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि दुसऱ्या अंगाला वसईची खाडी, अशा चिंचोळ्या पट्टीत चेणे हे गाव लागते. डोंगरातून उतरणारी नदी इथेच खाडीला मिळते. गाव आज मिरा-भाईंदर महानगरपालिकेत मोडते. पण शहराची गर्दी जिथे संपते आणि रान जिथे सुरू होते, त्या सीमेवरचे हे गाव आहे. पावसाळा लागला की मुंबई-ठाण्याची तरुण मंडळी मोटारसायकली काढून नदीवर येतात. बहुतेक जण भिजायला येतात, भजी खाऊन परत जातात. काही जण मात्र वेगळ्या बैठकीसाठी आडोसा शोधत येतात.

चेण्यात विद्यापीठ नाही. मग विद्यापीठाच्या आवारात गांजाच्या बैठकींना घातलेल्या बंदीविषयी बोलायला बसल्यावर चेण्याचे नाव कशाला, असे आपण विचाराल. कारण साधे आहे. एका ठिकाणची बैठक उठवली म्हणजे ती दुसरीकडे कुठेतरी बसते. ती कुठे बसते, हे पाहिल्यावाचून बंदीचा हिशेब पुरा होत नाही. आजच्या भाषणात हा हिशेब इतिहासाच्या आधाराने मांडण्याचा विचार आहे.

प्रथम वस्तू कोणती ते पाहू. भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची तीन रूपे. भांग म्हणजे मुख्यतः पाने. ती वाटून, गाळून, दुधात घालून पितात. गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. हे चिलमीत भरून ओढतात. चरस म्हणजे त्याच झाडाचा चीक. तिन्हींचा अंमल सारखा नाही, आणि आपल्या समाजाने तिन्हींना कधी सारखे लेखलेलेही नाही. महाशिवरात्रीला किंवा होळीला एरवी सोवळी असलेली माणसेही भांगेचा घोट घेत. गांजाचे तसे नव्हते. तो बैराग्यांच्या मठात, पहिलवानांच्या अखाड्यात, फकिरांच्या तकियात चाले, आणि घरातली वडीलधारी माणसे मुलांना त्या वाटेने जाऊ देत नसत.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. चिलीम ही एकट्याने ओढायची वस्तू नव्हे. कुणी गांजा चोळतो, कुणी साफी भिजवतो, कुणी विस्तव धरतो आणि चिलीम हातोहात फिरते. तिथे नव्या माणसाला शिकवणारा असतो आणि अति झाले तर आवरणाराही असतो. म्हणजे नशेइतकीच बैठकही महत्त्वाची. सरकारांनी आणि संस्थांनी नशेवर बंदी घालायची ठरवली, तेव्हा पुष्कळदा त्यांच्या हाती लागली ती ही बैठक.

ह्या वस्तूचा अभ्यास आपल्या किनाऱ्यावर फार जुना आहे. चेण्याजवळचे घोडबंदर, सारी साष्टी आणि मुंबई बेट पोर्तुगीजांच्या ताब्यात होते, त्या काळी गार्सिया द ऑर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या औषधींवरील ग्रंथात भांगेवर एक स्वतंत्र संवाद आहे. गुजराथच्या सुलतान बहादुरशहाची एक गोष्ट त्यात येते. रात्री पोर्तुगाल, तुर्कस्तान, अरबस्तान असे दूरदूरचे देश फिरावेसे वाटले, की आपण थोडी भांग घेतो, असे तो म्हणे. ऑर्ताने हे गमतीने लिहिले आहे. पण भांग कोण घेते, कशासाठी घेते आणि घेतल्यावर काय होते, हे विचारण्याची त्याची रीत वैद्याची आहे. शिक्षा काय करावी हा प्रश्न त्याच्या पानांत नाही.

तो प्रश्न आला इंग्रजी अमलात, आणि तोही लंडनहून. १८९३ च्या मार्चमध्ये विल्यम केन ह्या मद्यपाननिषेधाच्या पुरस्कर्त्या सभासदाने पार्लमेंटात प्रश्न उपस्थित केला. बंगालमधील गांजा-भांगेचा समाजावर काय परिणाम होतो, ह्याची चौकशी करा, अशी त्याची मागणी होती. त्यातून हिंदुस्थान सरकारने सात जणांचा आयोग नेमला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष. सभासदांत पंचमहालचे कलेक्टर ओमॅनी होते, कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक वॉर्डन होते आणि तीन हिंदी गृहस्थ होते. आयोगाने वर्षभर देश पालथा घातला, ११९३ साक्षी नोंदवल्या आणि १८९४ साली सात खंडांचा अहवाल दिला. मुंबई इलाख्यातील साक्षी त्यात आहेत. गांजाचे पीक घेणारा अहमदनगर जिल्हा, आजचा अहिल्यानगर, त्यात आहे. आणि मुंबईचे कलेक्टर जे. एम. कॅम्पबेल ह्यांनी भांगेच्या धार्मिक बाजूवर लिहिलेले टिपणही त्यात आहे. हे तेच कॅम्पबेल, ज्यांच्या देखरेखीखाली १८८२ साली ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर तयार झाले. आपल्या भागाच्या जुन्या माहितीसाठी आजही ते आपण उघडतो.

ह्या आयोगाने साक्षीदारांकडे ७० प्रश्नांची यादी पाठवली होती. त्यातला एक प्रश्न आपल्या विषयाशी थेट संबंधित आहे. हे पदार्थ लोक एकांतात घेतात की मंडळीत बसून, असा तो प्रश्न. चौकशी करणाऱ्यांना इतके उमगले होते, की किती घेतली एवढे विचारून भागत नाही. कुणाबरोबर घेतली हेही विचारले पाहिजे.

त्याहून बोधप्रद आहे ती वेड्यांच्या इस्पितळांची हकीगत. गांजाने माणसे वेडी होतात असा तेव्हा सार्वत्रिक समज होता, आणि इस्पितळांच्या वह्या त्याला दुजोरा देत होत्या. आयोगाने त्या वह्याच तपासायला घेतल्या. १८९२ साली दाखल झालेल्या १३४४ रोग्यांपैकी २२२ जणांपुढे वेडाचे कारण म्हणून गांजा-भांग लिहिलेले होते. एकेका रोग्याची फेरचौकशी केली, तेव्हा त्यांपैकी ९८ प्रकरणेच टिकली. बाकीच्यांचे काय झाले होते? रोग्याला इस्पितळात पाठवताना एक नमुना भरावा लागे आणि त्यात कारणाचा रकाना असे. कारण ठाऊक नसले तरी रकाना मोकळा ठेवता येत नसे; मग शिपाई-कारकून सोयीचे कारण लिहून मोकळे होत. मात्र ९८ म्हणजे शून्य नव्हे, हेही आपण विसरू नये. आयोगही विसरला नाही. बेताने घेतल्यास अपाय फारसा नाही, अति घेतल्यास निश्चित आहे आणि दुबळ्या मनाच्या माणसाला विशेष आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. सरसकट बंदी करू नये. कर बसवावा, लागवड आणि दुकाने मर्यादित करावीत, जवळ बाळगण्याच्या वजनाला आळा घालावा, असे त्याने सुचवले. राजा शशिशेखरेश्वर राय आणि लाला निहालचंद ह्या दोघा हिंदी सभासदांना मात्र हे धोरण सौम्य वाटले व त्यांनी आपली वेगळी मते नोंदवली. म्हणजे ‘साहेब कडक आणि आपले लोक सैल’ असे सोपे चित्र तेव्हाही नव्हते.

त्याच सुमारास अफूच्या बाबतीत एक प्रयोग होऊन गेला होता. अफूचा चंडूल आणि मदक ओढण्याचे परवानेबंद अड्डे असत. परवान्याच्या जागेवर बसून अफू ओढण्यास १८९१ च्या सुमारास सरकारने मनाई केली. अफू विकायला हरकत नाही, बैठकीला हरकत, असा हा निर्णय. परिणाम काय झाला? अड्डे गेले, आणि मुंबईसारख्या शहरांत ‘क्लब’ निघाले! चार जणांनी खोली भाड्याने घ्यायची, वर्गणी काढायची आणि दार लावून बसायचे. सरकारचा निरीक्षक परवान्याच्या दुकानात केव्हाही शिरू शकत असे. खाजगी खोलीत त्याला सहज शिरता येईना. पाठोपाठ अफूची चौकशी करायला नेमलेल्या शाही आयोगापुढे हे गाऱ्हाणे आले. बैठक मोडली नव्हती, फक्त नजरेआड गेली होती.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने दारूबंदीचा मोठा संकल्प केला. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. ह्या कायद्यातले एक कलम बैठकीच्या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. दारू पिण्याच्या सार्वजनिक अड्ड्यावर पिणे चालू असताना कोणी हजर सापडला, तर तो पिण्यासाठीच आला होता असे गृहीत धरावे. तसे नसल्यास त्यानेच ते सिद्ध करावे, असे ते कलम सांगते. म्हणजे पेला हातात असो वा नसो, बैठकीत असणे हीच गोष्ट माणसाच्या विरुद्ध जाते. बैठकीवरच्या बंदीचा कायद्यातला अर्थ हा असा आहे.

गांजासंबंधीचे पुढचे वळण पुन्हा परदेशातून आले. १९६१ साली न्यूयॉर्क येथे अंमली पदार्थांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. गांजा, चरस त्यात आले. पाने मात्र त्या व्याख्येबाहेर राहिली, आणि जिथे जुनी वहिवाट आहे तिथे ती थांबवण्यास २५ वर्षांची मुदत मिळाली. ही मुदत संपत आली तेव्हा १९८५ साली आपल्या संसदेने अंमली पदार्थांचा कायदा केला. फुलोऱ्याचे शेंडे नसलेली नुसती पाने आणि बी ह्यांना हा कायदा लागू नाही, म्हणून भांग राज्यांच्या अखत्यारीत उरली. गांजा मात्र गुन्हा ठरला. आज एक किलोहून कमी गांजा ‘अल्प प्रमाण’ समजला जातो. त्याला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोहून अधिक म्हणजे व्यापारी प्रमाण. तिथे शिक्षा दहा वर्षांच्या खाली येत नाही. नुसते सेवन केले तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

ह्या कायद्याचे २५ वे कलम संस्थाचालकांनी वाचायला हवे. घर, खोली, आवार, मोकळी जागा, काहीही असो, ती ज्याच्या ताब्यात आहे त्याने जाणूनबुजून तिथे असा गुन्हा होऊ दिला, तर तोही त्याच गुन्ह्याचा धनी ठरतो. वसतिगृहाचे अधीक्षक रात्री गच्चीकडे फेरी मारतात, ती नुसत्या शिस्तीच्या हौसेने नव्हे. ‘आम्हांला ठाऊक होते, पण दुर्लक्ष केले’ असे म्हणण्याची सवलत त्यांना कायद्याने ठेवलेली नाही.

आता विद्यापीठाकडे येऊ. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले तेव्हा ते परीक्षा घेणारे आणि पदव्या देणारे मंडळ होते. शिकवणे महाविद्यालयांत चाले. विद्यार्थी राहतात, जेवतात, रात्री जागतात असे मोठे आवार ही पुढची गोष्ट. असे आवार आले आणि त्याबरोबर एक अवघड दुहेरी भूमिका आली. आवार हे विद्यार्थ्याचे घर असते, तसेच चौकही असतो. घर म्हणून संस्थेने पालकासारखे वागावे अशी अपेक्षा असते, आणि चौक म्हणून तिथे जमण्याची, बोलण्याची, निषेध करण्याचीही मोकळीक हवी असते. गांजाच्या मेळाव्यावर बंदी घालताना ह्या दोन भूमिका एकमेकींना धडकतात.

ह्या धडकेचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथील विद्यापीठाचे. त्याची पूर्वकथा मोठी मजेची आहे. १९७१ साली कॅलिफोर्नियातील सॅन रफाएल गावच्या शाळेतली काही मुले दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी लुई पाश्चरच्या पुतळ्यापाशी भेटत. ती वेळ त्यांची सांकेतिक खूण झाली. खूण पसरत गेली, ‘चार-वीस’ म्हणजे गांजा असे समीकरण झाले, आणि महिना-तारखेच्या अमेरिकन लेखनपद्धतीने २० एप्रिल हा त्या मंडळींचा वार्षिक दिवस ठरला. पाहा, त्या वनस्पतीचे सर्वांत प्रसिद्ध टोपणनाव मुळात भेटण्याची वेळ आहे. इथेही बैठकच!

बोल्डरच्या विद्यापीठात हा दिवस दरसाल मैदानावर साजरा होऊ लागला. विद्यापीठाने आधी गवताला पाणी घालायचे फवारे सोडून पाहिले. २००६ साली मैदानावर ओढणाऱ्यांची छायाचित्रे काढली, ती संकेतस्थळावर लावली, आणि ओळख पटवून देणाऱ्यास ५० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. सहाध्यायांनी सहाध्यायांना ओळखून द्यावे, त्याचे पैसे मिळतील, असा हा व्यवहार होता. मेळावा त्या मैदानावरून निघाला तो ग्रंथालयासमोरच्या हिरवळीवर येऊन बसला आणि काही वर्षांतच दहा हजारांच्या घरात गेला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तशातली गत झाली.

विद्यापीठाची अडचण खोटी नव्हती. एप्रिलअखेर म्हणजे परीक्षांचे दिवस. ग्रंथालयाच्या दाराशी दहा हजारांची गर्दी, तीत बाहेरचे कितीतरी लोक, वर्ग आणि प्रयोगशाळा खोळंबलेल्या. अभ्यास करू पाहणाऱ्या मुलाचा हक्क आवारावर नाही काय? शेवटी २० एप्रिल २०१२ रोजी विद्यापीठाने आपले आवार बाहेरच्या लोकांना बंद केले, ओळखपत्रे तपासली आणि त्या हिरवळीवर माशांपासून केलेले उग्र वासाचे खत पसरून ती अडवून ठेवली. विद्यार्थ्यांसाठी गाण्याचा मोफत जलसाही ठेवला. त्या वर्षी मेळावा काही शेकड्यांवर आला, आणि तोही आवारातल्या दुसऱ्या मैदानावर. पुढेही बंदोबस्त चालू राहिला आणि तो मोठा मेळावा पुन्हा भरला नाही.

म्हणजे बंदी यशस्वी झाली असे म्हणायचे काय? मेळाव्यापुरती झाली. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात कोलोरॅडोच्या मतदारांनी २१ वर्षांवरील माणसांस गांजा बाळगण्याची मुभा देणारी घटनादुरुस्ती संमत केली. राज्यात मुभा आली, विद्यापीठात मात्र बंदी राहिली. कारण १९८९ च्या एका केंद्रीय कायद्यानुसार आवार अंमली पदार्थांपासून मुक्त ठेवल्याखेरीज विद्यापीठांना केंद्राचा पैसा मिळत नाही. आणि जवळच्या डेन्व्हर शहराच्या बागेत त्या तारखेचा मेळावा भरतच राहिला. तेव्हा बोल्डरच्या विद्यापीठाने गांजा थांबवला असे म्हणता येत नाही. त्याने आपले ग्रंथालय परत मिळवले. हे काही थोडे नव्हे. पण दोन गोष्टींत गल्लत करू नये.

आता पुन्हा आपल्या मुलखात येऊ. आपल्याकडे विद्यापीठाच्या हिरवळीवर दहा हजारांचा मेळावा भरलेला नाही, आणि भरू दिलाही जाणार नाही. आपली बैठक वेगळ्या वाटेने जाते. मार्च २००७ मध्ये, होळीच्या सुमारास, पुणे ग्रामीण पोलिसांनी सिंहगडाच्या पायथ्याच्या डोणजे गावी एका रात्रीच्या पार्टीवर छापा घातला आणि अडीचशेहून अधिक तरुण-तरुणींना ताब्यात घेतले. त्यांत विद्यार्थी होते, संगणक कंपन्यांतले नोकरदार होते. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे ठाण्याच्या पोलिसांनी घोडबंदर रस्त्यालगत कासारवडवलीजवळ, खाडीच्या कडेला चाललेल्या अशाच पार्टीवर छापा घातला. सुमारे शंभर जण ताब्यात घेतले गेले. गांजा, चरस आणि त्याहून जहाल रासायनिक पदार्थ सापडले. आमंत्रणे समाजमाध्यमांवरून गेली होती. अटक झालेले दोघे आयोजक एकोणीस आणि तेवीस वर्षांचे, म्हणजे महाविद्यालयात जाण्याच्या वयाचे.

कासारवडवली आणि चेणे ह्यांच्यामध्ये गायमुखचा घाट आहे. घाटाच्या अलीकडे मिरा-भाईंदर, वसई-विरारचे पोलिस आयुक्तालय, जे २०२० साली निर्माण झाले. पलीकडे ठाणे शहराचे. अशा सीमेवरच्या गावांना ही गोष्ट चांगली ठाऊक असते, की शहरातली प्रत्येक बंदी सरतेशेवटी त्यांच्या दाराशी येऊन थांबते. शाळा-महाविद्यालयांपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये असा २००३ चा कायदा आहे, हेतू उत्तम. पण टपरीवाल्याला शंभर यार्ड मोजता येतात. गांजाच्या बैठकीला तर यार्डांचाही हिशेब नाही; तिला नदीचा काठ, बांधकाम अर्धवट राहिलेली इमारत, सुटीचा बंगला, काहीही चालते. तिथे वसतिगृहाचे अधीक्षक नाहीत, डॉक्टर नाही, रात्री वाहन नाही, आणि परतीचा रस्ता अवजड मालमोटारींचा. फुटक्या बाटल्या मात्र गावाच्या नदीत राहतात.

इथे खरा प्रश्न उभा राहतो. समजा, अशा बैठकीत एखाद्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाची प्रकृती बिघडली. तो घाबराघुबरा झाला, असंबद्ध बोलू लागला किंवा नुसत्या गांजाऐवजी दुसरेच काही पोटात गेल्यामुळे बेशुद्ध पडला. सोबतच्यांनी काय करावे? दवाखान्यात न्यावे तर पोलिस येतील, महाविद्यालयातून नाव जाईल, घरी कळेल, नोकरीच्या वेळी प्रकरण निघेल. न न्यावे तर मुलगा जाईल. बैठकीत हजर असणे हाच दोष ठरला, तर मदतीला हाक मारणारा स्वतःवरच साक्ष देत असतो. ज्या बंदीमुळे मुलांना हा हिशेब मांडत बसावे लागते, ती बंदी कितीही सद्हेतूची असली तरी अपुरी आहे.

म्हणून बंदी उठवावी असे म्हणण्याचा हेतू नाही. कोवळ्या वयात, वारंवार आणि जहाल प्रतीचा गांजा घेणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढतो, हे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. १८९४ च्या आयोगाने दुबळ्या मनाबद्दल दिलेला इशारा त्याच्याशी जुळतो. शिवाय आज बाजारात मिळणारा माल आणि मठातली चिलीम ह्यांत फरक आहे, आणि समाजमाध्यमावरून जमलेल्या शंभर अनोळखी माणसांच्या गर्दीत ‘पुरे आता’ असे म्हणणारा जाणता कुणी नसतो. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, देशात वर्षभरात भांग घेणारे सुमारे २ कोटी २० लाख आणि गांजा-चरस घेणारे सुमारे १ कोटी ३० लाख लोक होते. इतक्या माणसांवर प्रत्येकी एक शिपाई नेमता येणार नाही. तेव्हा कुठे काय मना करायचे, ह्यात विवेक करावाच लागेल.

आजवरच्या ह्या हकीगतीतून विवेकाच्या दोन-तीन खुणा सापडतात. पहिली म्हणजे बंदीचे कारण खरे आणि नेमके असावे. ‘ग्रंथालय मोकळे हवे, परीक्षा शांततेत हव्यात, बाहेरचे लोक आवारात नकोत’ ही कारणे विद्यार्थ्याला पटतात, कारण ती त्याच्याही हिताची आहेत. ‘गांजाने सगळे वेडे होतात’ हे कारण त्याला पटत नाही. तो आपल्या मित्राकडे पाहतो, त्याला वेड लागलेले दिसत नाही, आणि मग तो आपल्या खऱ्या इशाऱ्यावरही विश्वास ठेवत नाही. वेड्यांच्या इस्पितळातला तो रकाना खोटा भरू नये, हा त्या आयोगाचा धडा आहे.

दुसरी खूण म्हणजे मुलांना एकमेकांवर हेर नेमू नये. पन्नास डॉलरच्या बक्षिसाने बोल्डरला मेळावा घटला नाही. सोबत्याच्या चुकीची किंमत ठरवायला मुले शिकली असतील, तर तेवढेच. जे आवार मुलांना परस्परांची काळजी घ्यायला शिकवू शकत नाही, त्याने पदव्या कितीही दिल्या तरी काय उपयोग?

आणि तिसरी, माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक बंदीला एक दार असावे. आपल्या कायद्यात ते आहे. १९८५ च्या कायद्यातील ६४ अ ह्या कलमानुसार, व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचारास गेला, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या आरोपावरून त्याच्यावर खटला चालवला जात नाही. किती महाविद्यालयांच्या फलकांवर हे कलम लिहिलेले आपण पाहिले आहे? ‘अंमली पदार्थ आढळल्यास कडक कारवाई’ ही पाटी दिसते, तिच्या खालची ओळ दिसत नाही. अमेरिकेतल्या पुष्कळ विद्यापीठांनी असा नियम केला आहे, की आजारी सोबत्यासाठी मदत मागणाऱ्या विद्यार्थ्यावर त्या प्रसंगापुरती शिस्तीची कारवाई करायची नाही. आपल्याकडे असा नियम करायला विद्यापीठांना नवा कायदा लागत नाही. निदान संस्थेच्या स्वतःच्या शिस्तीपुरता तो उद्या करता येईल. एक ठराव, एक फलक आणि रात्री उचलला जाणारा एक टेलिफोन एवढ्यावर काम भागेल.

बैठक ही माणसाची गरज आहे. सोळा-अठराच्या वयात ती फार मोठी गरज असते. नाटकाची तालीम, कुस्तीचा आखाडा, गड चढायला निघालेली टोळी, रात्री उशिरापर्यंत चाललेला वाद, ह्याही बैठकीच आहेत. ज्या आवारात रात्री नऊ वाजता सगळे दिवे मालवतात आणि चार मुले एकत्र दिसली की पहारेकरी हटकतो, तिथून मुले बाहेर पडतात ती ह्या साऱ्याच बैठकींच्या शोधात. त्यांतली एखादी बैठक चिलमीची निघते. आवाराचे फाटक लावणे सोपे आहे, आणि कधी कधी ते लावावेच लागते. पण फाटक लावणाऱ्याने त्या रात्री पटावरची मुले मोजावीत, आणि जी कमी भरली ती कुठे गेली असतील ह्याचा विचार करावा. नदीकाठी बसलेला तो मुलगाही त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी आहे.